आठवीची लवंग

१४ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

तुझं पत्र मिळालं. उलटं करून पुन्हा चिकटवलेलं पाकीट पाहिलं आणि अक्षर बघायच्या आधीच कळलं, घरून आलंय. आतल्या बाजूचा वीज कचेरीचा शिक्का उजेडाला धरला की अजून दिसतो. आमच्या शिपायाला वाटलं, शाळेची वीज तोडायची नोटीस आली. बिचारा आधी पाणी प्यायला, मग माझ्याकडे घेऊन आला.

नवी शाळा कशी आहे, असं तू विचारतेस. मुख्याध्यापिका म्हणून इथे आले तेव्हा मला वाटलं होतं, शाळा बघायची असते. ही शाळा ऐकायची असते. पाचवी ते आठवी, चारही वर्ग एकाच लांबलचक खोलीत. मध्ये भिंती नाहीत, कपाटं आहेत. सातवीचा इतिहास कपाटावरून उडी मारून आठवीच्या गणितात येतो, म्हणून प्रत्येक वर्ग शेजारच्यापेक्षा मोठ्यानं वाचतो. माझ्या आधीचे हेडमास्तर म्हणायचे, "ज्याचा आवाज येत नाही तो झोपलाय असं समजा." समोर एक शिंपी आहे, त्याला आठवीचं विज्ञान तोंडपाठ झालंय. परवा माझं माप घेता घेता म्हणाला, "बाई, तरफेचे प्रकार तीन. आणि बाही कुठवर ठेवू?"

हसून झालं असेल तर पुढचं वाच. मार्चमध्ये आठवीची सामायिक चाचणी असते. सगळ्या सरकारी शाळांना एकच पेपर, एकच दिवस, पर्यवेक्षक दुसऱ्या शाळेचे. मग निकालाची यादी लागते. आमची शाळा दोन वर्षं त्या यादीत तळाला आहे. यंदाही तळाला राहिली, तर तिला कुलूप लावून पोरांना मोठ्या रस्त्यापलीकडच्या शाळेत घालणार. त्या रस्त्यावर ट्रक थांबत नाहीत, माणसं थांबतात. निम्म्या आया मला आत्ताच सांगून गेल्या, "मुलगी पलीकडे पाठवणार नाही, बाई. घरी बसवू." मलाही निवृत्तीच्या मुदतीआधीच घरी पाठवतील, पण माझं सोड.

हे दादाला सांगू नकोस.

तुझी नणंद


२० नोव्हेंबर

वन्सं,

माझा नमस्कार जरा ताठच आहे, कंबर धरलीय. वयानं मी मोठी असून तुम्हालाच अहो-जाहो करते, ही सासूबाईंची शिस्त. त्या गेल्या, शिस्त राहिली.

"दादाला सांगू नकोस" हे तुम्ही शेवटी लिहिलंत. असलं वाक्य पत्राच्या डोक्यावर लिहायचं असतं. आमच्या घरात चष्मा एक. दोघांचा नंबर उन्नीस-बीस, मग दोन कशाला? त्यामुळे पत्र आलं की मी मोठ्यानं वाचते आणि हे डोळे मिटून ऐकतात. मी आपली एका दमात वाचत गेले. कुलूप लागणार वाचलं, मुली घरी बसणार वाचलं, आणि "हे दादाला सांगू नकोस" तेही ह्यांनाच वाचून दाखवलं. हे म्हणाले, "बरं, नाही सांगत कुणाला." आणि चपला घालून निघाले. संध्याकाळी दूधवाला मला विचारतो, "काय हो, बाईंच्या शाळेवर म्हणे संकट आलंय?"

असो. तोंडातून गेलेला शब्द आणि कपबशीतून सांडलेला चहा, पुसण्यापलीकडे काय करणार?

मी देवाला सांगितलंय, निकाल लागेपर्यंत चहात साखर घेणार नाही. ह्यांनी लगेच टोमणा मारला, "देवासाठी का साखरेचा डबा पुरावा म्हणून?" मी म्हटलं, एका दगडात दोन पक्षी मारलेले देवालाही आवडतात.

एक विचारू? रागावू नका. पोरं बुद्धीनंच बेताची आहेत का हो? तसं असेल तर त्यांना बोल लावू नका. आमच्या माहेरी एक गाय होती, तिला मारलं तरी ती हळूच चालायची, पण दूध चांगलं द्यायची.

तुमची वहिनी


२ डिसेंबर

(दादाला वाचून दाखवायच्या आधी मनात वाच. बघ, डोक्यावर लिहिलंय.)

वहिनी,

तुझी गाय मी गणिताच्या सरांना सांगितली. ते म्हणाले, "आमच्याकडे सगळ्या गायी हंबरतात छान, दूध काढायला बसलं की आटतात."

पण पोरं बेताची नाहीत गं. मी आठवीत जाऊन तोंडी प्रश्न विचारले. भराभर उत्तरं आली. तेच प्रश्न कागदावर दिले आणि म्हटलं, गप्प बसून सोडवा. वर्गाची जशी काही चावी संपली. कुणी खिडकीबाहेर बघतंय, कुणी पेन्सिल चावतंय. आणि सगळीकडून पुटपुट सुरू. मी जुने कागद काढले. गेल्या वर्षी कितीतरी उत्तरपत्रिका अर्ध्यातच काढून घेतलेल्या, वर पर्यवेक्षकांचा शेरा, "आपापसांत बोलत होते." ती बोलत नव्हती, वहिनी. ती प्रश्न वाचत होती!

आमच्या आठवीत एक मुलगी आहे, तिला सगळे भोंगा म्हणतात. तिची आई धुलाईच्या कारखान्यात यंत्रांच्या गडगडाटात काम करते, त्यामुळे घरातही सगळी ओरडूनच बोलतात. भोंगा वाचायला लागली की कपाटाच्या काचा थरथरतात. तिचा कागद कोरा. मी विचारलं, "अगं, हे तर तुला येतं. लिहिलं का नाहीस?"

ती खाली मान घालून म्हणाली (तिचं खाली मान घालूनसुद्धा पलीकडच्या गल्लीत ऐकू गेलं), "बाई, ओठ मिटले की अक्षरं दिसतात, पण ऐकूच येत नाहीत."

आता सांग, मी काय करू? वर्षानुवर्षं ज्यांना सांगितलं, आवाज म्हणजे अभ्यास, त्यांना तीन महिन्यांत मुकं वाचन कसं शिकवू? एकेकाच्या तोंडावर हात ठेवून बसू का?

तुझी नणंद


९ डिसेंबर

वन्सं,

तुमचं पत्र आधी मनात वाचलं, मग ह्यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, "आज पत्र वाचायच्या आधीच हसलीस कशी?" आता हसूही मनातच ठेवायला हवं.

मनात वाचायचं मला काही नवं नाही. तुम्ही तेव्हा वसतिगृहात होतात, तुम्हाला ठाऊक नसेल. लग्न होऊन आले तेव्हा माझंही तुमच्या भोंग्यासारखंच होतं. माहेरी पोथी वाचायची ती खड्या आवाजात, शेजारच्यांनाही पुण्य लागलं पाहिजे. इथे मला वेळ मिळायचा दुपारी, आणि दुपारी सासूबाई झोपायच्या. त्यांची झोप कशी होती तुम्ही जाणताच. मांजर जिना चढलं तरी विचारायच्या, "कोण आलं?" मी पहिल्या दिवशी पोथी उघडली, पहिल्या ओळीलाच आतून आवाज, "सूनबाई, देव बहिरा नाही."

झालं! ओठ मिटून बघितले तर एक अक्षर पुढे सरकेना. जीभ आपली आतल्या आत वळवळतेय. शेवटी एकदा दाढ दुखत होती म्हणून लवंग धरली होती तोंडात, आणि तशीच पोथी घेऊन बसले. बघते तर पान उलटलेलं! जिभेला लवंग सांभाळायचं काम लागलं, ती तिकडे गुंतली आणि डोळे आपले एकटेच पुढे गेले. मग दाढ बरी झाली तरी लवंग धरायची. चावायची नाही, नुसती गालाशी ठेवायची. एक लवंग आख्खा अध्याय पुरते. पुढे पुढे लवंगेचीही गरज राहिली नाही.

बाकी इकडे धाकट्या खोलीत चुन्याचा हात चाललाय. भिंतीला ओल आली होती, म्हणून. देवाचा कोनाडा त्याच खोलीत, तेव्हा देव सध्या पेटीत आहेत. मी रोज रिकाम्या कोनाड्यापुढे दिवा लावते. हे चेष्टा करतात. मी म्हटलं, नसला तरी आहे असं समजायचं, त्याशिवाय का दिवा लागतो?

तुमचा प्रश्न राहिलाच. तोंडावर हात नका ठेवू. पोरं चावतात.

तुमची वहिनी


११ जानेवारी

वहिनी,

तू प्रश्न राहिला म्हणतेस आणि उत्तर देऊन मोकळी होतेस!

मी वाण्याकडून लवंगांची पुडी आणली. आठवीतल्या प्रत्येकाच्या तळहातावर एकेक ठेवली आणि फर्मान काढलं, "गालात धरा. चावलीत तर तिखट लागेल, बोललात तर पडेल. आता धडा वाचा." पहिल्या दिवशी तिघांनी गिळल्या. एकानं चावली आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "बाई, भूगोल फार तिखट आहे." गणिताचे सर नाकाला रुमाल लावून आले, "शाळा आहे का दाताचा दवाखाना?" दुसऱ्या दिवशी गिळणारे कमी झाले. आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात, वहिनी, मी वर्गाकडे पाठ करून उभी होते आणि मला पानं उलटल्याचा आवाज आला. या शाळेत पान उलटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

नुसती आठवी गप्प राहून भागेना, कपाटापलीकडे सातवी गर्जतच होती. मग चारही वर्गांना दुपारी मुकं वाचन लावलं. लहानांना लवंगेऐवजी ओठांत पेन्सिल धरायला सांगितली. आता शाळा इतकी शांत असते की घड्याळाची टिकटिक ऐकून शिपाई दचकतो.

एकट्या भोंग्याची गाडी अडलीय. लवंग गालात असतानाही ती गुणगुणते. कालच म्हणाली, "बाई, एवढ्या शांततेत मला आई कामावर गेल्यासारखं वाटतं." तिला मी म्हटलं, तू आतल्या आत ओरड. तेव्हापासून वाचताना तिचे कान लाल होतात. काहीतरी चाललंय आत.

धाकट्या खोलीला ओल कधीपासून यायला लागली गं? ती तर उन्हाच्या बाजूला आहे.

तुझी नणंद


१८ फेब्रुवारी

वन्सं,

हे पत्र रडत लिहितेय, डाग पडले तर शाई पसरली असं समजा.

आपल्या शेजारणीचा जावई तुमच्या गावच्या बसवर कंडक्टर आहे. तो काल सांगून गेला, बाईंची शाळा बंद पडली. दुपारी तिथून बस जाते, पूर्वी इंजिनापेक्षा शाळेचा आवाज मोठा असायचा, आता चिटपाखरू बोलत नाही. लोक दाखले काढायला फाटकात उभे असतात, हे त्यानं डोळ्यांनी बघितलं. चाचणीच्या आधीच कुलूप! शिक्षण खात्यातल्या साहेबांना एवढी घाई झाली होती का?

तुम्ही कळवलं नाहीत. मनाला लावून घेतलं असेल. वन्सं, दोन वर्षं तळाला होती ती तुमच्या आधी. तुम्ही तर लवंगा वाटल्यात.

सरळ घरी निघून या. धाकटी खोली तयार आहे. चुना देऊन झाला, खाटेची पट्टी नवी विणून आणली, खिडकीला माझ्या जुन्या साडीचा पडदा शिवलाय, तुम्हाला आवडते त्या आकाशी रंगाचा. पुस्तकांसाठी फळी ह्यांनी स्वतः ठोकली. तिरकी आहे, पण पुस्तकं पडत नाहीत, मी आमची कॅलेंडरं ठेवून बघितली. उशाशी दिव्याचं बटण हाताला येईल असं घेतलंय. तुम्हाला झोपायच्या आधी वाचायला लागतं ना?

कधी येताय ते लिहा. हे स्टँडवर येतील.

तुमची वहिनी


२३ फेब्रुवारी

वहिनी, वहिनी, डोळे पूस!

शाळा बंद झालेली नाही. शाळा गप्प झालीय. आणि त्यानंच घोटाळा केला. इतकी वर्षं गल्लीला आवाजाची सवय. आवाज थांबला तशी कुणीतरी आवई उठवली, कुलूप लागलं. आधी शिंपी आला, डोळ्यांत पाणी. "बाई, मी दुपारचं काम विज्ञानाच्या तालावर करतो. आता शिलाई वाकडी जातेय. खरं सांगा, शाळा गेली का?" मी त्याला आत नेऊन भरलेला वर्ग दाखवला. तो उंबऱ्यातच थबकला. हळूच म्हणतो, "हे सगळे जिवंत आहेत ना?"

मग आया आल्या, दाखले मागायला. त्यात भोंग्याची आईही होती. ती फाटकातून विचारत होती आणि मी खोलीतून ऐकत होते. "माझी पोर आठ दिवस घरात बोलत नाही, नुसती पुस्तकात बघते. तिला काय केलंत?" मी भोंग्याला बोलावलं, एक परिच्छेद मनात वाचायला लावला आणि म्हटलं, आता आईला सांग काय वाचलंस. तिनं सांगितलं. कपाटाची एक काच गेली, पण एक मुद्दा सुटला नाही. आईनं दाखल्याचा अर्ज घडी करून कमरेला खोचला. म्हणाली, "मग ठीक आहे. पण सकाळी जरा ओरडू देत जा हो. कामावर जाताना लेकीचा आवाज आला की बरं वाटतं."

तेव्हा आता असं ठरलंय: सकाळची पहिली तासिका गळा फाडून, म्हणजे गल्लीला कळतं शाळा आहे. दुपारी लवंग. शिंपीही खूश, अवघड शिलाई तो सकाळीच उरकतो.

बाकी वहिनी, पडदा, फळी, उशाशी बटण... आणि मी म्हणत होते, ओल कुठून आली!

तुझी नणंद


१ मार्च

वन्सं,

तुमचं पत्र वाचून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शाळा आहे, हे वाचून देवापुढे साखर ठेवली. आणि मग त्या खोलीत जाऊन बसले आणि पडद्याकडे बघून रडू आलं. आता तुम्हाला काय सांगू, कशाचं रडू ते.

तुम्ही ओळखलंतच, तर लपवून काय उपयोग? ओल-बिल काही नव्हती. तुम्ही नोव्हेंबरात लिहिलंत, मुदतीआधी घरी पाठवतील, तेव्हापासून माझ्या डोक्यात खोली शिरली. निवृत्तीनंतर कुठे राहणार, असं विचारलं की तुम्ही "बघू" म्हणता. ह्यांचं बोलणं सगळं बाहेर होतं, घरात येतात ते ऐकायला. मला वाटलं, वन्सं आल्या तर दुपारी कुणीतरी असेल. एक पुस्तक तुम्ही वाचाल, एक मी.

पण शाळा बंद पडावी असं मी कधी मागितलं नाही हो. देवासमोर हात जोडते तेव्हा उजवा हात म्हणतो, शाळा राहू दे. डावा म्हणतो, वन्सं येऊ देत. दोन्ही हात एकमेकांवर दाबून धरते, आता त्यातून देवानं काय समजायचं! शेवटी परवा मी डावा हात पदरात घेतला आणि एका उजव्यानंच नमस्कार केला. देवाला रीतभात कळत असेल तर रागावणार नाही.

खाटवाल्याला विचारलंय, परत घेशील का. तो म्हणाला, विणलेली खाट परत घेत नाहीत.

भोंग्याला सांगा, परीक्षेच्या दिवशी तोंडात जुनी लवंग धरू नको, नवी धर. माझ्याकडून चार पाठवतेय, पाकिटाच्या कोपऱ्यात आहेत.

तुमची वहिनी


२० मार्च

वहिनी,

काल चाचणी झाली. तुझ्या लवंगा वेळेवर पोचल्या, पाकिटाचा वास अजून माझ्या टेबलाला येतोय.

पर्यवेक्षक म्हणून एक उंच, चिडके गृहस्थ आले होते. दारात पाऊल टाकलं आणि नाक वर केलं. "कसला वास आहे? सगळ्यांचे दात दुखतात का?" मी समजावून सांगितलं. त्यांनी नियमांचा कागद काढला. परीक्षेत तोंडात काहीही ठेवायचं नाही, चघळायचं नाही. एकेक पोराला कचऱ्याच्या डब्याशी नेऊन लवंग टाकायला लावली. टप, टप, टप! माझ्या काळजात ती प्रत्येक लवंग पडत होती. मला वर्गाबाहेर जायचा हुकूम झाला. मी समोर शिंप्याच्या दुकानात जाऊन बसले. तो मशीन चालवीना. "आवाज नको व्हायला," म्हणाला. आम्ही दोघं कापडाच्या ढिगाकडे बघत बसलो.

माझे कान शाळेकडे. आत्ता भोंगा वाजेल, मग वाजेल. तिला एकदा समज मिळाली की दुसऱ्यांदा कागदच काढून घेणार. शिंपी मध्येच पुटपुटला, "बाई, आवाज येत नाही." मी म्हटलं, "हो." तो म्हणाला, "हे चांगलं का वाईट?" मी म्हटलं, "मला माहीत नाही हो."

घंटा झाली. पोरं बाहेर आली. एकाचाही कागद काढून घेतला नव्हता. भोंगा सगळ्यांत शेवटी आली, कान लालबुंद. मी विचारलं, "लवंग तर गेली. मग कसं वाचलंस गं?"

ती म्हणाली, "नसली तरी आहे असं समजले, बाई."

वहिनी, मी तिला तुझ्या कोनाड्याची गोष्ट कधी सांगितली नव्हती. शपथ!

ते पर्यवेक्षक जाताना डब्यातल्या लवंगांकडे बघत होते. म्हणाले, "माझी एक दाढ खरंच दुखतेय. एखादी न वापरलेली आहे का?" तुझ्या लवंगांपैकी एक दिली.

निकाल महिन्याभरात. तू साखर सुरू कर आता.

तुझी नणंद


२६ मार्च

वन्सं,

साखर निकालापर्यंत म्हटलं म्हणजे निकालापर्यंत. देवाशी ठरलेलं मध्येच बदललं तर तो कुणाकडे तक्रार करणार?

तुमचं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. "नसली तरी आहे असं समजले" इथे हे उठून बसले. म्हणाले, "ही पोर आपल्या घरी कधी आली होती?" मग चपला घालून गेले. आता गल्लीत सगळ्यांना भोंग्याच्या निकालाची काळजी आहे. दूधवाला रोज विचारतो.

पत्र लवकर लिहा. दूध पातळ यायला लागलंय, त्याचं लक्ष लागत नाही म्हणतो.

तुमची वहिनी


२४ एप्रिल

(आधी मनात.)

वहिनी,

खालून चौथे आलो! अगं, खालून चौथे! गणिताचे सर यादी तळापासून वाचायला लागले, पहिलं नाव आमचं नाही, दुसरं नाही, तिसरं नाही, तेव्हा त्यांना वाटलं आम्हाला यादीतूनच काढलं. मग चौथं नाव वाचलं आणि त्यांनी टोपी उडवली. ती कपाटावर जाऊन पडली, अजून तिथेच आहे. शाळा राहणार, तसं लेखी आलंय. भोंगा वर्गात मधोमध आहे, ना वर, ना खाली. तिच्या आईनं कारखान्यातल्या सगळ्यांना सांगितलं, आणि यंत्रं चालू असताना सगळ्यांना ऐकू गेलं.

त्या दिवशी दुपारचं मुकं वाचन मी रद्द केलं. चारही वर्गांनी एकदम, जे हाताला लागेल ते, वाचलं. शिंप्यानं दुकान सोडून फाटकात येऊन तरफेचे प्रकार म्हणून दाखवले.

इथपर्यंत दादाला वाचून दाखव. पुढचं मनातच ठेव. तो दूधवाल्याला सांगेल, दूधवाला कंडक्टरला, आणि कंडक्टर ते इथे माझ्या पोरांपर्यंत आणेल. त्यांना अजून वर्षभर कळायला नको.

खाट परत द्यायची नाही. पुढल्या एप्रिलात माझी नोकरी संपते. मी सगळ्यांना "बघू" म्हणत आले, कारण कुणाच्या घरी पाहुणी होऊन उरलेले दिवस काढायचे या विचारानंच मला धडकी भरायची. पण पाहुण्यांच्या उशाशी कुणी दिव्याचं बटण बसवत नाही. शाळा बुडली तर मी तुला मिळणार होते, आणि तू एका हातानं नमस्कार केलास. आता डावा हात पदरातून काढ. एक पुस्तक मी वाचेन, एक तू. फळी तिरकीच असू दे.

तुझी नणंद


३० एप्रिल

वन्सं,

पाकीट आलं तेव्हा हे दारातच होते. "वाच, वाच," म्हणून खुर्ची ओढून बसले. मला आधी मनात वाचायला सवडच दिली नाही. म्हणून मी सरळ मोठ्यानं वाचायला घेतलं. खालून चौथे आलो म्हणताच ह्यांनी टाळी वाजवली. टोपी कपाटावर गेली तिथे खो-खो हसले. शिंप्याच्या तरफेपर्यंत आले आणि "इथपर्यंत दादाला" हे शब्द डोळ्यांना दिसले. जिभेवर आले होते, वन्सं. तिथेच ओठ मिटले.

मग पुढचं मी वाचलं. सगळं वाचलं. खाट वाचली, बटण वाचलं, डावा हात वाचला. एकदा वाचून झाल्यावर पुन्हा वरून वाचलं. ओठ हलले नाहीत, जीभ हलली नाही. सासूबाई आतल्या खोलीत झोपलेल्या असत्या तरी त्यांनी कूस बदलली नसती.

हे म्हणाले, "थांबलीस का? संपलं?"

मी मान हलवली.

"मग डोळे का भरले? आणि गप्प का बसलीस?"

मी गालावर बोट ठेवून खूण केली, तोंडात लवंग आहे.

तुमची वहिनी